शाळा कोठे व कोणासाठी? : कोल्हापूर-साताऱ्याच्या इतिहासाचा बोध



आपल्या संस्थेने नवे माध्यमिक विद्यालय काढावे, असा विचार सभासदांत चालू आहे. जागेविषयी मात्र दोन मते दिसतात. आपल्या ज्ञातीची बहुसंख्य घरे ज्या पेठेत आहेत तेथेच इमारत व्हावी, असे एक मत. आसपासच्या वाड्यावस्त्यांचे रस्ते जेथे मिळतात तेथे ती असावी, असे दुसरे. वरवर पाहता हा जमिनीच्या भावाचा प्रश्न वाटतो. वस्तुतः त्या शाळेच्या बाकांवर कोणाची मुले बसणार, हाच तो प्रश्न होय. हा प्रश्न महाराष्ट्रात नवा नाही. पूर्वी तो कसा सोडविला गेला, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

राजर्षी शाहू छत्रपती १८९४ साली कोल्हापूरच्या गादीचे अधिकारी झाले. माध्यमिक व उच्च शिक्षणाची सोय राजधानीत होती. परंतु खेड्यातील मुलास शहरात राहण्या-जेवण्याची सोय नव्हती. म्हणजे शाळेचे दार उघडे असूनही ते दूरच्या मुलास बंदच होते. महाराजांनी १८९६ साली सर्व जातींकरिता एक वसतिगृह काढून पाहिले. परंतु कालांतराने तेथे ब्राह्मण विद्यार्थीच उरले. केवळ नियमात 'सर्वांस प्रवेश' असे लिहिल्याने सर्व येत नाहीत, हा धडा त्यांनी तेथे घेतला. मग त्यांनी निराळा मार्ग धरिला. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. पाठोपाठ जैन, मुसलमान व लिंगायत विद्यार्थ्यांची, आणि १९०८ साली त्या काळी अस्पृश्य मानलेल्या समाजाकरिता मिस क्लार्क वसतिगृह, अशी मालिकाच उभी राहिली. प्रत्येक ज्ञातीने आपल्या मुलांचा भार उचलावा व दरबाराने साहाय्य द्यावे, अशी ही योजना होती.

आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांस या इतिहासाचा सार्थ अभिमान वाटतो. परंतु त्याचा उत्तरार्ध आपण विसरता कामा नये. निरनिराळी वसतिगृहे हे महाराजांचे साधन होते, साध्य नव्हे. १९१७ साली त्यांनी संस्थानात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा निर्णय केला आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांची मुले सर्वांच्या शाळेत घ्यावीत, अशी आज्ञा काढली. घास वेगळ्या ताटात मिळाला तरी धडा एकाच वर्गात मिळावा, असा तो क्रम होता.

याच वसतिगृहांच्या छायेत वाढलेल्या एका विद्यार्थ्याने पुढचे पाऊल टाकले. भाऊराव पाटील हे कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहत. मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनास गेल्याबद्दल त्यांना स्नान करण्यास सांगण्यात आले. त्यांनी ते नाकारले व बोर्डिंग त्यांस अंतरले. पुढे १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ साली तिचे ठाणे साताऱ्यास आणिले. तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत व एकाच पंगतीस बसत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून सौ. लक्ष्मीबाईंनी अंगावरील दागिने, मंगळसूत्रासुद्धा, दिले. १९४० साली संस्थेचे महाराजा सयाजीराव हायस्कूल साताऱ्यास सुरू झाले, आणि पुढे खेडोपाडी शाळा निघाल्या. कोल्हापूरने दूरच्या मुलास शाळेजवळ आणिले. साताऱ्याने शाळाच मुलाच्या गावी नेली.

आजची स्थिती काय आहे? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलांस मोफत शिक्षणाचा हक्क दिला. परंतु तो आठवीपर्यंतचा. नववी-दहावीची शाळा कोठे असावी, हे पुष्कळ ठिकाणी शाळा काढणारी संस्थाच ठरविते. प्रस्तुत लेखकाने अध्यापनाच्या काळात वारंवार पाहिले आहे की, ओढ्यापलीकडील वस्तीतील मुलगा पावसाळ्यात महिनाभर गैरहजर राहतो, आणि आठवी उत्तीर्ण झालेली हुशार मुलगी 'लांब पडते' या दोन शब्दांपायी घरी बसते. शाळेची जागा ठरविणारे हात नकळत असे किती विद्यार्थी वगळीत असतात!

म्हणून नम्र सूचना अशी की, विद्यालय पेठेत न बांधता वाड्यावस्त्यांचे रस्ते जेथे मिळतात तेथे बांधावे. आपली मुले सायकलीवरून सहज तेथे जातील. त्यांच्याकरिता शाळा दोन मैल दूर गेली तरी बिघडत नाही. परंतु पेठेतील शाळेत इतरांची मुले संकोचाने येणार नाहीत, आणि ती केवळ आपलीच होऊन बसेल. तशी शाळा आपल्याही मुलांचे हित करणार नाही. पुढे ज्यांच्याबरोबर संसार, व्यापार व नोकरी करावयाची, त्यांची ओळख शाळेतच व्हावयास हवी. मुलींकरिता वाहनाची व दूरच्या मुलांकरिता वसतिगृहाची तरतूद आरंभीच्या अंदाजपत्रकातच असावी. ज्ञातीचा पैसा पायात घालून सर्वांची शाळा उभी करणे, हेच ज्ञातिसंस्थेचे खरे भूषण होय.

कार्यकारी मंडळाने जागेचा निर्णय करण्यापूर्वी प्रत्येक वस्तीतील आठवीच्या मुलामुलींची शिरगणती करावी, इतकीच विनंती. या कार्यास यश लाभो, अशी ईशचरणी प्रार्थना. इत्यलम्.