पडद्यावरची माणसे : 'प्रभात'च्या काही स्वभावचित्रांविषयी

मराठी कादंबरीतील वा नाटकातील पात्रांची चिकित्सा करावयाची झाली तर आपल्याकडे ग्रंथ लिहिले जातात. सिंधू आणि सुधाकर यांच्याविषयी किती शाई खर्ची पडली असेल, ह्याचा हिशेब करणे कठीण. पण ज्या माणसांना लाखो मराठी प्रेक्षकांनी डोळ्यांनी पाहिले, ज्यांच्या लकबी घराघरांत बोलल्या गेल्या, त्या चित्रपटांतील पात्रांकडे वाङ्मयसमीक्षकाने क्वचितच वळून पाहिले. चित्रपट ही करमणूक आणि करमणुकीत पात्र कसले शोधावयाचे, हा समज त्याच्या मुळाशी आहे. तो निराधार आहे असे मला वाटते. आणि तसे वाटण्यास १९३६ ते १९४१ ह्या पाच वर्षांत पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने काढलेले चार चित्रपट पुरेसे आहेत.

कोल्हापुरास १९२९ साली स्थापन झालेली आणि १९३३ साली पुण्यास आलेली ही संस्था आरंभी पुराणकथांवर उभी होती. तिचा पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' हा १९३२ सालचा. त्या काळच्या बोलपटांत माणसे थोडी असत आणि भूमिका पुष्कळ. राजा राजासारखा बोले, खलपुरुष खलपुरुषासारखा हसे. संगीत रंगभूमीचा हा वारसा होता, आणि त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. त्या रंगभूमीनेच चित्रपटाला नट आणि गायक पुरवले. प्रश्न एवढाच की, ठोकळ्यांतून माणूस केव्हा बाहेर आला?

माझ्या मते तो देहूला, एका म्हशीच्या गोठ्याशेजारी बाहेर आला. 'संत तुकाराम' (१९३६) हा दामले आणि फत्तेलाल यांचा चित्रपट १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला, हे सर्वश्रुत आहे. विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम तर कित्येक घरांतील देव्हाऱ्यापर्यंत पोहोचला. एके काळी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणाऱ्या ह्या नटाने पडद्यावर जवळजवळ अभिनय केलाच नाही. ते नुसते असतात आणि गातात. पण चित्रपटाला जमिनीवर धरून ठेवते ती तुकोबांची पत्नी आवली. गौरी ह्या अभिनेत्रीने उभी केलेली ही बाई कजाग नव्हे, तशी ती आदर्श पतिव्रताही नव्हे. तिला मुलांच्या पोटाची काळजी आहे, आणि नवऱ्याच्या देवाशी तिचे उभे वैर आहे. मूल आजारी पडते तेव्हा ती पायातली वहाण हातात घेऊन थेट विठ्ठलाच्या देवळात जाते. हा प्रसंग लिहिताना पटकथाकार शिवराम वाशीकर किती अवघड वाटेने गेले, हे ध्यानात घेतले पाहिजे. जरा तोल गेला असता तर आवली हास्यास्पद झाली असती, नाहीतर पाखंडी. दोन्ही घडले नाही, कारण तिचा राग हा एका आईचा राग आहे आणि त्यात देवावरचा हक्कही आहे. परक्यावर कोणी वहाण उगारीत नाही.

शिवाजीमहाराजांचा नजराणा येतो तेव्हा ती हरखून जाते, आणि तुकोबा तो परत पाठवितात. भक्तिकथेच्या हिशेबाने येथे प्रेक्षकाने तुकोबांच्या बाजूला असावयास हवे. तो असतोही, पण त्याच क्षणी आवलीचे उतरलेले तोंड त्याला चुकविता येत नाही. शेवटी वैकुंठाचे बोलावणे येते तेव्हाही तिच्यापुढे स्वयंपाक आहे, मुले आहेत, म्हैस आहे. संताच्या चरित्रात संसाराची बाजू इतक्या प्रामाणिकपणे मांडलेली दुसरी चित्रकृती मला ठाऊक नाही.

सालोमालोविषयी थोडे. तुकोबांचे अभंग आपल्या नावावर खपविणारा हा दांभिक भागवतांनी जुन्या नाटकी ढंगात रंगविला आहे. हातवारे, मुरके, डोळ्यांचे खेळ सगळे भरपूर. पागनिसांच्या साधेपणाशेजारी हे ठेवले की खरे-खोटे आपोआप कळते. नाटकीपणाचा असा उपयोग करून घेणे ह्यात मोठी जाण आहे.

पुढच्याच वर्षी 'कुंकू' (१९३७) आला. नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' ह्या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी तो काढला. मामाने फसवून एका म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लग्न लावून दिलेली नीरा त्याला नवरा मानावयास नकार देते. शांता आपटे यांच्या नीरेचे कौतुक पुष्कळ झाले आणि ते योग्यच आहे. पण जरठ-कुमारी विवाहावर 'संगीत शारदा'पासून आपण जे पाहत आलो, त्यात म्हातारा नवरा हा हसण्याचा किंवा तिरस्काराचा विषय होता. केशवराव दाते यांचे काकासाहेब ह्यांपैकी काहीच नाहीत. आरशापुढे मिशीतला पांढरेपणा लपविणारा हा माणूस आधी हसू आणतो. भिंतीवरचे घड्याळ त्याच्या वयाची टिकटिक करीत राहते. आणि हळूहळू आपल्याला दिसू लागते की आपण केलेला अन्याय त्याला स्वतःलाच कळतो आहे. त्याची समाजसेविका मुलगी सुशीला ही नीरेच्या बाजूने उभी राहते. ती भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली. प्रत्यक्ष आयुष्यातही त्या संततिनियमनाच्या चळवळीत वावरलेल्या होत्या, हे सांगितलेच पाहिजे.

शेवट मात्र मला पटत नाही. नीरेला पुन्हा लग्न करण्याची मोकळीक देणारे पत्र लिहून काकासाहेब आत्महत्या करतात. पश्चात्तापाला एवढी मोठी किंमत दिल्यावर प्रेक्षकाचे अश्रू त्यांच्याकडे वाहतात, आणि जिने सारा लढा दिला ती अखेरीस बाजूला पडते. अन्याय करणाऱ्याला माणूस म्हणून रंगविणे ही कलेची उंची. पण त्याने मरून सुटावे आणि तिचा प्रश्न पत्रातल्या दोन ओळींत मिटावा, ही कथेची पळवाट. दाते इतके उत्कृष्ट नसते तर ही पळवाट चटकन दिसली असती.

'माणूस' (१९३९) ह्यात अशी पळवाट नाही. 'देवदास'च्या रडकथेला दिलेले हे उत्तर होते असे म्हणतात, आणि चित्रपट पाहिल्यावर ते खरे वाटते. शाहू मोडकांचा पोलीस शिपाई गणपत वेश्यावस्तीतल्या मैनेला आपल्या सरळ घरात आणू पाहतो. पण मैनाच अधिक शहाणी आहे. गणपतच्या आईचे देवघर पाहून तिची जी अवस्था होते ती शांता हुबळीकरांनी जवळजवळ न बोलता दाखविली आहे. ह्या अभिनेत्री हुबळीकडच्या, म्हणजे सीमेपलीकडच्या. त्यांच्या तोंडचे 'कशाला उद्याची बात' हे गाणे अनेक भाषांत वळसे घेते, कारण मैनेची गिऱ्हाइके अनेक मुलखांची आहेत. गाण्यानेही पात्राचा धंदा सांगावा, ही सूचकता अनंत काणेकरांची.

ह्याच संदर्भात आपल्या माळव्याकडचे एक नाव घ्यावेसे वाटते. उज्जैनला जन्मलेल्या आणि ग्वाल्हेरच्या पवार घराण्यातील वनमाला यांनी आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई' (१९५३) ह्या चित्रपटात कोकणातली गरीब आई उभी केली. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक १९५४ साली त्या चित्रपटाला मिळाले. सरदारघराण्यातील मुलीला पालगडच्या ओटीवरचे दारिद्र्य कसे कळले, हे कोडे नटाच्या कलेचेच आहे. तो चित्रपट 'प्रभात'चा नव्हे. पण ज्या मातीतून आवली आली तीच ही माती.

'शेजारी' (१९४१) विश्राम बेडेकरांनी लिहिला. पाटील आणि मिर्झा ह्या दोन जिवलग शेजाऱ्यांत धरणाच्या निमित्ताने फूट पाडली जाते आणि धरण फुटते तेव्हाच दोघे पुन्हा एकत्र येतात, मरण्यासाठी. मराठीत दाते पाटील होते आणि गजानन जागीरदार मिर्झा. हिंदी आवृत्तीत, म्हणजे 'पडोसी'त, मिर्झा जागीरदारच राहिले, आणि हिंदू शेजाऱ्याचे काम मजहर खान यांच्याकडे गेले. हिंदूने मुसलमान व्हावे आणि मुसलमानाने हिंदू, ही योजना त्या वर्षांत सोपी नव्हती. फाळणी अवघ्या सहा वर्षांवर आली होती. दोघांपैकी कोणीही दुसऱ्या धर्माचा नमुना म्हणून वावरत नाही. ते दोन हट्टी म्हातारे आहेत, एवढेच.

'प्रभात' १९५३ च्या सुमारास बंद पडली. तिच्या जागेत १९६० साली चित्रपटशिक्षणाची सरकारी संस्था उभी राहिली. तेथील कोठारांत ठेवलेल्या जुन्या ज्वालाग्राही फिती २००३ च्या जानेवारीत आगीत जळाल्या, आणि त्यांत 'प्रभात'च्या मूळ प्रतीही गेल्या. सुदैवाने पुढे केलेल्या प्रती उरल्या आहेत, आणि त्यांत आवली अजून वहाण हातात घेऊन देवळाच्या पायऱ्या चढते आहे.