दुष्काळात जुळलेली मंडळी

बुलढाणा जिल्ह्यातील अलायन्स मंडळीचा इतिहास कॅथलिक कुटुंबांनी आपुलकीने जाणून घ्यावा, असे आम्हांस वाटते. रेव्ह. अल्बर्ट सिम्पसन यांनी १८८७ साली अमेरिकेत स्थापलेल्या दोन संस्था १८९७ मध्ये एक होऊन ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ उदयास आली. वऱ्हाड हे तिचे भारतातील एक प्रमुख कार्यक्षेत्र ठरले.

त्याच सुमारास, १८९६-९७ व १८९९-१९०० साली, भीषण दुष्काळ पडले. मिशनने अकोल्यास मुलांचा, तर खामगावास मुलींचा अनाथाश्रम चालविला. कापसाच्या बाजारपेठेचे खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. १९०५ साली ते बुलढाण्यास जोडले गेले. आईबाप गमावलेल्या लेकरांना गोत उरले नव्हते. मंडळीच त्यांचे गोत झाली.

‘पोटासाठी ख्रिस्ती झाले’ हा टोमणा अशा मंडळींना नेहमीच ऐकावा लागला. आम्ही कॅथलिकांनी तरी तो उच्चारू नये. दुष्काळात आमच्या धर्मभगिनींनीही अनाथांना पोटाशी धरले होतेच. शिवाय, केवळ पोटासाठी आलेला सुकाळ येताच परततो. ही मंडळी शतकाहून अधिक काळ टिकून आहे. अंतिम न्यायाच्या दिवशी प्रभू भुकेल्याला ‘का जेवलास?’ असे विचारणार नाही. भरल्या पोटाच्यांना ‘का वाढले नाहीस?’ असे मात्र विचारील.

मिस्साबलिदान, संतभक्ती यांविषयी आमचे मतभेद आहेत. तरीही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्ती ऐक्याविषयीच्या आज्ञापत्रात त्यांना बंधूच मानले आहे. भावाच्या घराचा इतिहास आपल्याला परका कसा असेल?