बातमी, रूढि आणि ‘कशावरून?’



आजचा विषय जरा अडचणीचा आहे. देवाधर्माविषयीं, रूढींविषयीं आणि रोजच्या बातम्यांविषयीं उघडपणें शंका घेणाऱ्या माणसांची आपल्या महाराष्ट्रांत एक जुनी परंपरा आहे. त्यांना कोणी सुधारक म्हटलें, कोणी नास्तिक म्हटलें, कोणी घरबुडवे म्हटलें. त्यांचीं सारीं मतें बरोबर होतीं कीं चूक, हा वाद मी आज घालणार नाहीं. मला पाहावयाचें आहे तें एवढेंच कीं, ही शंका घेण्याची रीत आपल्याकडे कशी रुजली, तिची खरी परीक्षा कोठें झाली, आणि आजच्या संसारी माणसाला तिचा उपयोग काय.

आरंभ माझ्या गांवापासून करतों. वाशिंद हें शहापूर तालुक्यांतलें, भातसा नदीच्या कांठचें गांव. १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. पुढच्या वर्षीं ती कल्याणास पोंचली, आणि १ ऑक्टोबर १८५५ रोजीं वाशिंदास आली. तेथून आसनगांवापर्यंत रूळ जाण्यास १८६० साल उजाडावें लागलें. म्हणजे चार वर्षांहून अधिक काळ आमचें वाशिंद हें या मार्गाचें शेवटचें स्थानक होतें. येथें उतरावें आणि पुढें बैलगाडीनें थळघाटाची वाट धरावी, असा क्रम होता. पूर्वीं मुंबईची खबर वाटसरूंच्या आणि व्यापाऱ्यांच्या तोंडून येई. तिला दिवस लागत. आतां ती कांहीं तासांत येऊं लागली. परंतु ज्या गाडीनें बातमी आली त्याच गाडीनें अफवाही आली, आणि डब्यांतून उतरतांना दोघींचे चेहरे सारखेच दिसत. ही गोष्ट पुढील विवेचनासाठीं ध्यानांत ठेवावी.

मराठी वर्तमानपत्रें त्यापूर्वींच सुरू झालीं होतीं. बाळशास्त्री जांभेकरांचें ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजीं निघालें. १८४१ सालीं भाऊ महाजन यांनीं ‘प्रभाकर’ काढलें. त्यांतच १८४८ ते १८५० या काळांत गोपाळ हरि देशमुख यांनीं ‘लोकहितवादी’ या नांवानें आपलीं प्रसिद्ध पत्रें लिहिलीं. अर्थ न समजतां केलेलें पाठांतर, बालविवाह, विधवांची दुर्दशा यांवर त्यांनीं कठोर टीका केली. जुन्या चालीला ‘हें कशासाठीं?’ असें विचारण्याचें धैर्य त्या पत्रांनीं मराठी वाचकाला दिलें. परंतु छापलेल्या मजकुराला ‘हें कशावरून?’ असें विचारण्याची संवय अद्याप लागावयाची होती. छापलेलें तें खरें, असाच पुष्कळांचा समज होता. आणि आजही तो अगदींच नाहींसा झाला आहे असें नाहीं.

वाशिंदास गाडी आली त्याच्या पुढच्याच वर्षीं, १४ जुलै १८५६ रोजीं, कऱ्हाडजवळील टेंभू गांवीं गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म झाला. घरची अत्यंत गरिबी. कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला असें भटकत त्यांनीं शिक्षण केलें आणि १८७५ सालीं ते अकोल्याहून मॅट्रिक झाले. पुढें पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत इतिहास व तत्त्वज्ञान हे विषय घेऊन एम्. ए. झाले. मिल्ल आणि स्पेन्सर यांच्या ग्रंथांचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला होता. ४ जानेवारी १८८१ रोजीं ‘केसरी’ निघाला तेव्हां त्याचें संपादकत्व आगरकरांकडे आलें; इंग्रजी ‘मराठा’ टिळकांकडे होता. दोघांचें वय तेव्हां पंचविशीच्या आंतच होतें.

आणि येथेंच ती परीक्षा आली. कोल्हापूरचे तरुण छत्रपति चौथे शिवाजी हे वेडे झाले आहेत, असें सरकारांतून सांगण्यांत येत होतें. त्यांचा छळ होत आहे, असें पुण्यांतील पुष्कळ लोकांस वाटे. आणि या छळाचें खापर ते दिवाण माधवराव बर्वे यांच्या माथीं फोडीत. अशा वेळीं दिवाणांनीं लिहिलेलीं म्हणून कांहीं पत्रें संपादकांच्या हातीं आलीं. त्यांवरून महाराजांच्या जिवास अपाय करण्याचा बेत दिसत होता. ‘केसरी’ व ‘मराठा’ या दोन्हीं पत्रांनीं त्यांच्या आधारें लिहिलें. दिवाणांनीं अब्रूनुकसानीचा खटला भरला. खटल्यांत तीं पत्रें बनावट ठरलीं. संपादकांनीं दिलगिरी प्रकट केली. तथापि १७ जुलै १८८२ रोजीं टिळक व आगरकर यांस चार महिन्यांची साधी कैद झाली. २६ ऑक्टोबर रोजीं ते मुंबईच्या डोंगरी तुरुंगांतून सुटले. त्या एकशें एक दिवसांची हकीकत आगरकरांनीं पुढें पुस्तकरूपानें लिहिली.

या प्रकरणांतील एक गोष्ट मला विशेष बोधप्रद वाटते. महाराजांविषयींची लोकांची चिंता निराधार नव्हती. २५ डिसेंबर १८८३ रोजीं अहमदनगरच्या किल्ल्यांत, पहाऱ्यावरील एका गोऱ्या शिपायाशीं झालेल्या झटापटींत त्यांचा अंत झाला. म्हणजे तक्रारींत तथ्य होतें, पण पुरावा खोटा होता; आणि खोट्या पुराव्यामुळें खरी तक्रारही न्यायासनापुढें लंगडी पडली. शत्रूची गोष्ट तपासण्यास आपण नेहमींच तत्पर असतों. त्याला बुद्धि लागते, पण मनोनिग्रह लागत नाहीं. आपल्या पक्षाला हवी तीच बातमी, आपल्या मनांतल्या रागाला पुष्टि देणारी बातमी, आयती हातीं आली म्हणजे ती खालीं ठेवून ‘कशावरून?’ असें विचारणें, हें खरें कठीण. मिल्ल आणि स्पेन्सर वाचलेल्या विद्वानासही जें साधलें नाहीं, तें आपणांस सहज साधतें असें कोणीं समजूं नये.

या खटल्यांत आणखी एक लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट घडली. जोतीराव फुले यांचे आणि ‘केसरी’च्या मंडळींचे विचार अनेक बाबतींत परस्परविरुद्ध होते. तरीही जोतीरावांच्या सांगण्यावरून रामशेट बापूशेट उरवणे यांनीं या दोघां संपादकांस जामीन दिला. मतभेद असूनही माणूस म्हणून पाठीशीं उभें राहतां येतें, हें त्या काळच्या पुण्यानें पाहिलें.

पुढें सामाजिक प्रश्नांवर टिळकांशीं मतभेद वाढले. १८८७ सालीं आगरकरांनीं ‘केसरी’ सोडला आणि १५ ऑक्टोबर १८८८ रोजीं ‘सुधारक’ काढला. त्याची इंग्रजी बाजू प्रारंभीं गोपाळ कृष्ण गोखले सांभाळीत. या पत्रांत आगरकरांनीं लहानमोठा असा भेद केला नाहीं. ‘देवतोत्पत्ति’ या निबंधांत देवांची कल्पना मनुष्याच्या मनांत कशी उपजली असेल याची त्यांनीं चिकित्सा केली. ‘सोवळ्याची मीमांसा’ केली. स्त्रियांनीं चोळी सोडून जाकीट घालावें कीं काय, यावरही लिहिलें. जो प्रश्न ईश्वराला विचारावयाचा तोच अंगावरच्या वस्त्राला विचारावयाचा, हा त्यांचा बाणा. चाल जुनी आहे एवढ्यावरून ती चांगली ठरत नाहीं, आणि नवी आहे एवढ्यावरूनही नाहीं. तिनें माणसाचें सुख वाढतें कीं दुःख, हें पाहावें.

संमतिवयाच्या वादांत ही पद्धति कसाला लागली. १८९० सालीं कलकत्त्यास फुलमणी या दहा-अकरा वर्षांच्या विवाहित मुलीच्या मृत्यूचा खटला झाला आणि साऱ्या देशांत खळबळ उडाली. पुढच्या वर्षीं सरकारनें संमतीचें वय दहावरून बारा केलें. परक्या सरकारनें धर्मांत हात घालूं नये, हा विरोधकांचा मुद्दा पोकळ नव्हता. परंतु आगरकरांनीं कायद्याचा पक्ष घेतला. शास्त्रवचनांच्या ढिगाखालीं जी मुलगी दिसेनाशी झाली होती, तिच्याकडे त्यांनीं बोट दाखविलें. याचें बक्षीस असें मिळालें कीं, ते जिवंत असतां पुण्यांतील लोकांनीं त्यांची प्रेतयात्रा काढली. १८९२ सालीं ते फर्ग्युसन कॉलेजचे मुख्याध्यापक झाले आणि १७ जून १८९५ रोजीं, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षीं, दम्याच्या विकारानें थकलेलें त्यांचें शरीर पडलें. ‘केसरी’तील मृत्युलेख टिळकांनीं लिहिला.

आगरकर गेले आणि पुढच्याच वर्षीं मुंबईंत प्लेग आला. रुग्णालयांत नेलेल्या रोग्याला मुद्दाम मारतात, अशी भुमका उठली. २९ ऑक्टोबर १८९६ रोजीं गिरणीकामगारांच्या जमावानें आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. मुंबईहून पळालेल्या लोकांनीं गाड्या भरल्या. आमच्या बाजूच्या कल्याण स्थानकावर प्रवाशांची तपासणी होऊं लागली. येथें केवळ ‘लोक अडाणी’ असें म्हणून मोकळें होणें हा आळस ठरेल. पुण्यांत गोरे शिपाई घरोघर शिरून झडत्या घेत, तेव्हां सरकारच्या शब्दावर लोकांनीं विश्वास ठेवावा कसा? जेथें सत्तेचा शब्द विश्वासास पात्र नसतो, तेथें अफवेला मोल चढतें. म्हणून संशयवाद्यानें दोन प्रश्न विचारावे: ही गोष्ट खरी कशावरून, आणि ती लोकांस खरी कां वाटली? दुसरा प्रश्न न विचारणारा संशयवादी तुसडा होतो, आणि तुसड्याचें कोणी ऐकत नाहीं. उलट हाफकिन या शास्त्रज्ञानें १० जानेवारी १८९७ रोजीं मुंबईंत आपली प्लेगची लस प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. आणि सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करतां करतां १० मार्च १८९७ रोजीं त्याच रोगानें गेल्या. लोकांचा विश्वास अशा कृतींनीं मिळतो.

आतां आजच्या काळाकडे येऊं. आगगाडीची जागा हातांतल्या मोबाईलनें घेतली आहे. परंतु डब्यांतले उतारू तेच आहेत. २१ सप्टेंबर १९९५ रोजीं गणपतीची मूर्ति दूध पिते, ही वार्ता एका दिवसांत देशभर झाली आणि देवळांपुढें रांगा लागल्या. शास्त्रज्ञांनीं दुधांत रंग मिसळून दाखविलें कीं, पृष्ठताणामुळें दूध चमच्यांतून ओढलें जातें आणि मूर्तीच्या अंगावरून पातळ थरानें खालीं ओघळतें. त्या दिवशीं दूधच वायां गेलें. पण १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें, मुलें पळविणारी टोळी आली या अफवेवरून, भिक्षा मागावयास आलेल्या भटक्या जमातीच्या पांच माणसांना जमावानें ठेंचून मारलें. १६ एप्रिल २०२० रोजीं पालघर जिल्ह्यांतील गडचिंचले येथें अशाच अफवेच्या वातावरणांत दोन साधु आणि त्यांचा वाहनचालक मारले गेले. पालघर २०१४ पर्यंत आमच्या ठाणें जिल्ह्यांतच होता. भिक्षेकऱ्याची जात किंवा साधूचीं भगवीं वस्त्रें, अफवेनें कशाचीच भीड ठेविली नाहीं. आणि २० ऑगस्ट २०१३ रोजीं तर, ‘कशावरून?’ हाच प्रश्न आयुष्यभर शांतपणें विचारणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना पुण्यांत गोळ्या घालण्यांत आल्या. त्याच वर्षीं जादूटोणाविरोधी कायदा झाला.

मी स्वतः पूजाअर्चा करीत नाहीं. परंतु पंढरीच्या वाटेनें चालणाऱ्या शेजाऱ्याची थट्टाही करीत नाहीं. त्याची भक्ति हा त्याचा प्रश्न आहे. त्याच्या घरांतील आजाऱ्याला डॉक्टरऐवजीं अंगारा मिळतो कीं काय, हा मात्र सर्वांचा प्रश्न आहे. आणि माझ्यासारख्यांसही एक धोका आहे. एखाद्या बुवाचें ढोंग उघडकीस आल्याची बातमी आम्हांस फार गोड लागते. कोल्हापूर प्रकरणाचा धडा तेथेंच आठवावा. ती बातमीही तितक्याच निष्ठुरपणें तपासली पाहिजे. नाहीं तर आमचा संशय म्हणजे दुसऱ्या रंगाची श्रद्धाच होय.

हें शिकण्यास विलायती ग्रंथ वाचलेच पाहिजेत असें नाहीं. शेजारच्या मुरबाड तालुक्यांत पौषी पौर्णिमेच्या सुमारास म्हशाची जत्रा भरते. तेथें गुरांचा मोठा बाजार असतो. आमचा शेतकरी देवाचें दर्शन श्रद्धेनें घेतो. पण बैल घ्यावयाची वेळ आली कीं तो त्याचे दांत पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. विकणारा सोयरा असला तरी पाहतो, आणि त्यांत सोयऱ्याला अपमान वाटत नाहीं. घरांत बैल आणतांना आपण जेवढी चौकशी करतों तेवढी मनांत बातमी घेतांना करावी, आणि आपल्याच माणसानें आणलेली असली तर दोनदां करावी. एवढेंच आज सांगावयाचें होतें.