पाच दिवसांत 75 किलोमीटर, मग आपल्याकडे एक किलोमीटर का अडतो?

आज सुरुवात एका विक्रमाने करू. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला दरम्यान 75 किलोमीटरचा एका लेनचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत टाकला गेला. गिनीज बुकात नोंद झाली. तो रस्ता राष्ट्रीय महामार्ग 53. हाच महामार्ग पुढे नागपूर, भंडारा, साकोली करत आमच्या सडक अर्जुनी तालुक्यातून, कोहमाऱ्यावरून देवरी आणि रायपूरकडे जातो.

म्हणजे मशिनं फास्ट आहेत. मग गावाजवळ आलं की काम का रेंगाळतं? बऱ्याचदा कारण डांबरात नसतं. ते डोक्यावरच्या तारांत आणि पायाखालच्या पाइपांत असतं. सरकारी भाषेत याला म्हणतात 'युटिलिटी शिफ्टिंग'.

थोडं मागे जाऊ. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी दोन: एक अर्जुनी मोरगाव, दुसरी आमची सडकेवरची. ही सडक म्हणजे इंग्रजांच्या काळातला ग्रेट ईस्टर्न रोड. रायपुरात आजही लोक त्याला जीई रोडच म्हणतात. पुढे तो एनएच 6 झाला आणि 2010 च्या नव्या क्रमांकांत 53.

आता रस्ता म्हणजे सरकारच्या हातातला लांबलचक सलग पट्टा. त्यामुळे जे काही लांब न्यायचं, ते त्याच्या कडेनेच नेणं सोपं. 1885 च्या टेलिग्राफ कायद्याने तार खात्याला दुसऱ्याच्या जमिनीवर खांब रोवायचा हक्क दिला, पण जमिनीची मालकी दिली नाही. जमीन एकाची, खांब दुसऱ्याचा! पुढे विजेच्या लाइनींनाही असेच अधिकार देता येऊ लागले. 1960 मध्ये राज्याचं वीज मंडळ आलं, 2005 मध्ये त्याच्या कंपन्या झाल्या. मग नळयोजना, टेलिफोन केबल, ऑप्टिकल फायबर. प्रत्येक पिढीने त्याच कडेला आपली एक लाइन जोडली.

मी सॉफ्टवेअरवाला, मला हे जुन्या कोडसारखं दिसतं. एक ओळ हलवायची तर आधी तिच्यावर कोण कोण अवलंबून आहे ते शोधावं लागतं.

रस्ता रुंद करायचा ठरला की आधी सगळ्या खात्यांची संयुक्त पाहणी. मग एस्टिमेट, मंजुरी, पैसे. मग नवी लाइन बाजूला उभी करायची, शटडाउन घ्यायचा, जोडणी बदलायची, आणि शेवटी जुना खांब काढायचा. हा क्रम उलटा करता येत नाही. नवी पाइपलाइन चालू न करता जुनी तोडली तर गावाचे नळ कोरडे.

आपल्या भागात आणखी दोन अडचणी. शटडाउन उन्हाळी धानाच्या वेळी आला तर मोटार बंद, बांध्यांत पाणी नाही. रोडवाल्याला कोरडे दिवस हवेत, शेतकऱ्याला त्याच दिवसांत वीज हवी. दोघंही बरोबर! दुसरी अडचण जंगलाची. खांब थोडा बाजूला सरकवला आणि तो वनजमिनीत गेला, तर 1980 चा वन संवर्धन कायदा लागू होतो आणि वेगळी परवानगी लागते.

आणि सगळ्यात मोठी गोची नकाशाची. वरचा खांब दिसतो, खालचा पाइप नाही. मार्च 2023 मध्ये केंद्राने 'कॉल बिफोर यू डिग' ॲप आणलं. खोदणाऱ्याने आधी कळवायचं, म्हणजे ज्याची लाइन आहे त्याला सावध होता येतं. कल्पना भारी आहे. पण पाइप नेमका कुठे आहे हे मालकाच्याच कागदावर नसेल, तर ॲप तरी काय सांगणार?

म्हणून माझं म्हणणं एवढंच: रस्त्याला लागणारा वेळ डांबराच्या दिवसापासून मोजू नका. तो मागच्या शंभर-सव्वाशे वर्षांत कुणी काय पुरलं आणि त्याची नोंद ठेवली का, यावरून ठरतो. आज तुमच्या गावात नाली खोदलेली असेल तर बुजवण्याआधी लोकेशन ऑन करून पाइपाचा फोटो काढा आणि ग्रामपंचायतीत द्या. दहा-वीस वर्षांनी पुन्हा खोदणाऱ्याला तोच कामी येईल.

चला, भेटू पुढच्या भागात!