३० अँटेना, ४३५ जोड्या

पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेची, मुलाखतीची तयारी करणाऱ्या ज्युनिअर्सचा एक प्रश्न मला हमखास येतो. "ताई, पुढे संशोधनात राहता आलं नाही, तर एवढं फिजिक्स शिकून हाताला काय लागणार?"

प्रश्न अगदी रास्त आहे. प्राध्यापकांच्या जागा किती निघतात आणि त्यांना अर्ज किती येतात, हे तुम्हाला माझ्याइतकंच माहीत आहे. यावर लोक सहसा "तर्कशुद्ध विचार" किंवा "कोडिंग" असं उत्तर देतात. ते चूक नाही. पण माझं उत्तर वेगळं असतं: चार जणांबरोबर काम करता येणं. हे ऐकून बहुतेक जण हसतात. हे तर एमबीएवाले सांगतात ना! आपण तर एकटे बसून गणितं सोडवतो.

म्हणून आज एका दुर्बिणीचा इतिहास सांगते. ही दुर्बीण पुण्याच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळच्या खोडदला, द्राक्षबागांच्या आणि टोमॅटोच्या शेतांच्या मधोमध उभी आहे. जीएमआरटी हे नाव तुम्ही ऐकलं असेल. ती दिसते कशी, याचे फोटो भरपूर मिळतील. ती उभी राहिली कशी, हे त्याहून जास्त शिकवणारं आहे.

सुरुवात करू सिडनीपासून. १९५३ साली गोविंद स्वरूप हा तरुण भौतिकशास्त्रज्ञ ऑस्ट्रेलियात रेडिओ खगोलशास्त्र शिकायला गेला. दृश्य प्रकाशाऐवजी आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपायच्या, हे शास्त्र तेव्हा अगदी नवं होतं. सिडनीजवळ पॉट्स हिल इथे जेमतेम १.८ मीटर व्यासाच्या ३२ छोट्या तबकड्यांची रांग होती. सगळ्यांचे सिग्नल एकत्र करून सूर्याचा अभ्यास चालायचा. स्वरूप आणि त्यांच्याबरोबर भारतातून गेलेले पार्थसारथी यांनी ही रांग वेगळ्या तरंगलांबीवर चालेल अशी बदलून घेतली. हे काम फार किचकट होतं. प्रत्येक तबकडीपासून निघणाऱ्या तारेची लांबी अशी जुळवायची, की सगळ्यांचे सिग्नल मध्यभागी एकाच ठेक्यात पोहोचले पाहिजेत. एक तबकडी जरी ठेका चुकली, तरी सगळ्यांचं मोजमाप बिघडतं.

पुढे स्वरूप पीएच.डी.साठी अमेरिकेत स्टॅनफर्डला गेले. तिथेही ३२ तबकड्यांची रांग उभी राहत होती आणि तीच कटकट समोर होती. त्यांनी यांग या सहकाऱ्याबरोबर एक सोपी युक्ती काढली. मध्यभागातून सिग्नल तबकडीकडे पाठवायचा, तो परत आला की तपासायचा, म्हणजे मधल्या तारेत किती फरक पडतोय ते कळतं. १९६१ साली ही पद्धत प्रसिद्ध झाली आणि नंतरच्या मोठ्या दुर्बिणींमध्ये हीच कल्पना वापरात आली. थोडक्यात, "मी पाठवलेलं तुझ्याकडे नीट पोहोचलं का?" हे विचारून खात्री करून घ्यायची. गटात काम करताना आपण हेच विचारायला विसरतो.

त्याच वर्षी परदेशात काम करणाऱ्या चार भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी, म्हणजे स्वरूप, टी. के. मेनन, एम. आर. कुंडू आणि टी. कृष्णन यांनी, एक संयुक्त प्रस्ताव लिहून भारतातल्या मोठ्या विज्ञानसंस्थांच्या प्रमुखांना पाठवला. आम्ही एकत्र परत येऊन भारतात रेडिओ खगोलशास्त्राचा गट उभारायला तयार आहोत, असा त्याचा मतितार्थ. इथे जरा थांबा. प्रत्येकाने स्वतंत्रपणे नोकरीचा अर्ज करणं सोपं होतं. पण एका माणसाच्या अर्जाला एक जागा मिळाली असती, विषय उभा राहिला नसता. जानेवारी १९६२ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून होमी भाभांची तार आली, गट स्थापन करायचं ठरलंय म्हणून. चौघांपैकी परत येऊन इथे पाय रोवले ते स्वरूप यांनी, १९६३ मध्ये. चौघांचा बेत जसाच्या तसा उतरला नाही, आणि तसा तो सहसा उतरत नाहीच. पण चौघांच्या सह्यांमुळे दार उघडलं होतं.

आता पॉट्स हिलच्या तबकड्यांकडे परत येऊ. तिथली रांग मोडीत निघणार असं दिसताच स्वरूप यांनी त्या भारताला द्याव्यात अशी विनंती केली होती, आणि ऑस्ट्रेलियाने ती मान्यही केली होती. मग गाडं अडलं ते वाहतुकीचा खर्च कोणी करायचा यावर! तबकड्या भारतात आल्यावरही काही वर्षं पडूनच होत्या. अखेर १९६५ मध्ये त्या कल्याणजवळ उभ्या राहिल्या आणि सूर्याचं निरीक्षण सुरू झालं. हे काम विजय कपाही यांच्यासारख्या अगदी नवख्या, नुकत्या रुजू झालेल्या मुलांनी केलं. ते तुमच्याच वयाचे होते. अनुभव नव्हता, म्हणून ते काम करता करता एकमेकांकडून शिकले.

पाच वर्षांत हाच गट उटीला पोहोचला. तिथली दुर्बीण ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद आहे, आणि १९७० मध्ये ती सुरू झाली. तिच्यातली गंमत जागेच्या निवडीत आहे. उटीचं अक्षांश सुमारे ११ अंश. म्हणून त्यांनी दक्षिणोत्तर असा डोंगरउतार शोधला, ज्याचा चढही सुमारे ११ अंशच आहे. त्यामुळे दुर्बिणीचा लांब आस आपोआप पृथ्वीच्या आसाला समांतर झाला आणि ती एकाच आसाभोवती फिरवून तासन्‌तास एखाद्या तारकास्रोताचा माग घेता येऊ लागला. ही कल्पना कागदावर एका ओळीत मावते. ती उतारावर उतरवायला मात्र भूमापन करणारे, पोलादी सांगाड्याचं गणित करणारे, इलेक्ट्रॉनिक्सवाले आणि खगोलशास्त्रज्ञ या सगळ्यांना एकमेकांची भाषा कळावी लागते. इंजिनिअर विचारतो, "किती मिलिमीटरची चूक चालेल?" खगोलशास्त्रज्ञाने "शक्य तितकी कमी" असं उत्तर दिलं, तर खर्च आभाळाला भिडतो. त्याला नेमका आकडा द्यावा लागतो. माझ्या मते विज्ञान शिकल्याने सहकार्याचा हा पहिला धडा मिळतो: आपली गरज समोरच्याला वापरता येईल अशा आकड्यात सांगणं.

जीएमआरटीची कल्पना १९८४ च्या सुमाराची. खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. १४ मध्यभागी सुमारे एक चौरस किलोमीटरमध्ये, आणि १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर, एकूण सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. एवढ्या मोठ्या तबकड्या भरीव पत्र्याच्या केल्या असत्या, तर वाऱ्याचा जोर पेलायला प्रचंड वजनदार सांगाडा लागला असता. पण इथे टिपायच्या लहरी लांब आहेत, काही दशसेंटिमीटरपासून मीटरपर्यंत. लहरीपेक्षा पुष्कळ लहान भोकं असली, तर जाळीही लहरीला आरशासारखीच वाटते. म्हणून स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची जाळी दोरखंडांसारख्या ताणलेल्या तारांवर बसवली. वारा आरपार जातो, वजन कमी, खर्च कमी. बघा, लहरींचं भौतिकशास्त्र माहीत असणारा आणि वाऱ्याचा दाब मोजणारा एका टेबलाशी बसले, म्हणून हे सुचलं. नव्वदच्या दशकात अँटेना उभ्या राहिल्या आणि ऑक्टोबर २००१ मध्ये दुर्बीण राष्ट्राला अर्पण झाली.

३० अँटेना कशासाठी? दुर्बीण जितकी रुंद, तितका बारीक तपशील दिसतो. २५ किलोमीटर रुंदीची एक तबकडी कोणीच बांधू शकत नाही. पण दूरदूरच्या दोन अँटेनांचे सिग्नल एकत्र करून त्यांच्यातलं साम्य मोजलं, तर तेवढ्या अंतराचा तपशील हाती लागतो. म्हणजे खरं मोजमाप एकट्या अँटेनाचं नसतं, जोडीचं असतं. ३० अँटेनांच्या जोड्या होतात ३० गुणिले २९ भागिले २, म्हणजे ४३५. एक अँटेना बंद पडली की जोड्या २९ ने कमी होतात.

आणि आता या विषयातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट. प्रत्येक अँटेनाची स्वतःची काहीतरी चूक असते. वरचं वातावरण, उपकरणातला फरक, काहीही. जोडीच्या मोजमापात पहिलीची चूक अधिक होते, दुसरीची वजा. १९५८ साली रॉजर जेनिसन यांनी प्रसिद्ध केलेली युक्ती अशी: तीन अँटेनांचा त्रिकोण घ्या आणि तीन जोड्यांची मोजमापं क्रमाने मिळवा. (अ वजा ब) अधिक (ब वजा क) अधिक (क वजा अ). उत्तर शून्य! तिघींच्या चुका आपसात कटतात आणि उरते ती आकाशाची माहिती. तिघींपैकी एकही निर्दोष नसताना. तीन जण एकत्र आले म्हणजे चुका आपोआप जातात असं नाही हं. कोणाची चूक कोणत्या चिन्हाने कुठे शिरते हे माहीत असेल, तरच ती जाते.

हे मी पुस्तकातून शिकले त्याच्या आधी फजितीतून शिकले होते. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये आम्ही तिघं एका छोट्या अँटेनाने सूर्याची मोजमापं घेत होतो. एका दुपारी सिग्नल फार जोरात येत होता म्हणून मी ॲटेन्युएटरचं, म्हणजे सिग्नल कमी करणारं, सेटिंग बदललं. वहीत नोंद केली नाही. "लक्षात राहील" असं वाटलं. पुढच्या आठवड्यात माझ्या मैत्रिणीने तोच डेटा घेऊन सूर्याच्या तेजात झालेल्या "अचानक घटी"वर चार पानं लिहिली. सादरीकरणाच्या आदल्या रात्री तिने विचारलं, "त्या दिवशी काही बदललं होतंस का?" मला घाम फुटला. ती चार पानं गेली, रात्र गेली, आणि दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. चूक सेटिंग बदलण्यात नव्हती, ते गरजेचंच होतं. चूक न सांगण्यात होती.

म्हणून मी असं म्हणणार नाही की विज्ञानाला प्रवेश घेतला की सहकार्य आपोआप येतं. आपली प्रॅक्टिकल्स कशी होतात ते आपण जाणतो. एक जण रीडिंग घेतो, दुसरा आकडे उतरवतो, तिसरा मागच्या वर्षीचं जर्नल आणतो. याला गट म्हणता येईल, सहकार्य नाही. फरक कुठे आहे? तुमच्या नोंदीवरून दुसऱ्याला तुमच्याशिवाय काम पुढे नेता येतं का, इथे.

आजचं चित्र बघा. जून २०२३ मध्ये जगातल्या अनेक गटांनी एकाच वेळी जाहीर केलं की अतिमंद गुरुत्वीय लहरींचे पुरावे दिसत आहेत. त्यात युरोपच्या गटाबरोबर भारत आणि जपानचा संयुक्त गट होता, आणि त्याची मोजमापं सुधारित जीएमआरटीची होती. पल्सार या ताऱ्यांचे ठोके वर्षानुवर्षं मोजायचे, असं ते काम. ठोका पृथ्वीवर येईपर्यंत मधल्या वायूमुळे त्याला उशीर होतो, आणि कमी वारंवारतेला हा उशीर जास्त ठळक दिसतो. ती जीएमआरटीची खासियत. युरोपच्या दुर्बिणींकडे लांब पल्ल्याची नोंद होती, आपल्याकडे त्या उशिराचं नेमकं मोजमाप. दोन्ही बाजूंना एकमेकांची गरज होती. पण हे जुळलं ते काही वर्षांपूर्वी कोणीतरी कंटाळवाण्या रात्रपाळीत घड्याळाची, सेटिंगची, बिघाडाची नोंद नीट ठेवली होती म्हणून.

आता तुमच्या प्रश्नाकडे. उद्या तुम्ही बँकेत असाल, औषध कंपनीत असाल, शाळेत शिकवत असाल किंवा तालुक्याच्या पाणीयोजनेवर काम करत असाल. तिथे पल्सार नसतील. पण गरज आकड्यात सांगणं, पाठवलेलं पोहोचलं का ते विचारणं, आणि आपली चूक दुसऱ्याची चार पानं वाया जायच्या आत सांगणं, हे तिथेही रोज लागेल. ही सवय व्याख्यान ऐकून लागत नाही, प्रयोगाच्या वहीतून लागते.

मुलाखतीत "टीमवर्कबद्दल सांगा" असं विचारलं, तर "मी उत्तम टीम प्लेअर आहे" असं म्हणू नका. एक प्रसंग सांगा: काय बिघडलं, कोणाला कधी सांगितलं, पुढे काय बदललं. आणि जमलं तर २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, खोडदला जा. तिथे प्रदर्शन भरतं, शाळांची ही गर्दी असते. तिथल्या माणसांना "काय शोधलं?" एवढंच विचारू नका. "काम कोणाबरोबर करता, आणि आकडे जुळले नाहीत की काय करता?" हेही विचारा. मला तरी जास्त शिकवलंय ते या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांनी.