पुण्यातील प्लेग आणि लोकमत (१८९७)
हाँगकाँगमार्गे पसरलेली प्लेगची जागतिक साथ १८९६ मध्ये मुंबईत आणि लवकरच पुण्यात पोचली. फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारला जवळजवळ अमर्याद अधिकार दिले. प्लेग समितीचे अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड यांनी घरझडतीसाठी गोरे सैनिक नेमले. देवघरे, माजघरे तपासली गेली, सामान जाळले गेले. रोगापेक्षा उपायांचीच धास्ती अधिक वाढली, आणि ती रास्त होती.

लोकमान्य टिळकांनी आपल्या ‘केसरी’ वृत्तपत्रातून या जुलमावर टीका केली; शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांनाही त्यांनी धारेवर धरले आणि स्वतः हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ चालवले. २२ जूनला चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व लष्करी अधिकारी आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. सरकारने दोष वृत्तपत्रांवर टाकला. त्यातूनच टिळकांवर भरलेल्या राजद्रोहाच्या खटल्यात सहा युरोपीय ज्यूरींनी त्यांना दोषी ठरवले, तीन भारतीयांनी निर्दोष. शिक्षा झाली दीड वर्षाच्या सक्तमजुरीची. गोपाळ कृष्ण गोखले यांनी सैनिकांच्या अत्याचारांविषयी इंग्लंडमध्ये जाहीर आरोप केले होते. पुण्यातून पुराव्यासाठी कोणी पुढे येईना, म्हणून त्यांना माफी मागावी लागली. भयभीत शहरात साक्षीदार न मिळणे म्हणजे आरोप खोटा ठरणे नव्हे. १८९७ चा तोच साथरोग कायदा २०२० मध्ये कोविडकाळात पुन्हा वापरला गेला.