झूम केल्यावर फोटो काळपट का येतो?

कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या किट लेन्सवर बहुधा '१८-५५ मिमी, एफ/३.५-५.६' असे लिहिलेले असते. पहिले आकडे झूमचे, पुढचे अपर्चरचे, म्हणजे प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राचे. एफचा आकडा वाढला की सेन्सरवर पोहोचणारा प्रकाश कमी होतो. ही लेन्स १८ मिमीला एफ/३.५ पर्यंत उघडते. ५५ मिमीला मात्र एफ/५.६ वरच थांबते. म्हणजे प्रकाश सुमारे ४० टक्केच उरतो. अशा लेन्सला 'व्हेरिएबल अपर्चर' लेन्स म्हणतात.

याचा फटका बसतो तो लग्नाच्या हॉलमध्ये. आयएसओ तोच असेल, तर १/१२५ सेकंदात निघणाऱ्या फोटोला झूम केल्यावर १/५० सेकंद लागतो आणि हार घालणारे हात धूसर येतात. मॅन्युअल मोडमध्ये शटर बदलत नाही, म्हणून फोटोच काळपट येतो.

यावर उपाय सोपा आहे. सुरुवातीलाच एफ/५.६ ठेवून आयएसओ वाढवावा. मग झूम केले तरी एक्सपोजर बदलत नाही.

५५ मिमीलाही एफ/३.५ हवे असेल, तर छिद्र सुमारे १० ऐवजी १६ मिमी दिसायला हवे. त्यासाठी मोठ्या काचा लागतात. वजन आणि किंमत दोन्ही वाढतात. किट लेन्स हलकी आणि स्वस्त असते ती यामुळेच.